कलम १७१३: खर्चाच्या विधेयकात शिरलेला लांडगा

अमेरिकेच्या एका कायद्यात दोन वाक्यांचं एक कलम आहे. पहिलं वाक्य इंटिरियर खात्याच्या, म्हणजे सरकारी जमिनी आणि वन्यजीव सांभाळणाऱ्या खात्याच्या, मंत्र्यांना सांगतं की २ एप्रिल २००९ रोजी राजपत्रात आलेला अंतिम नियम साठ दिवसांच्या आत पुन्हा जारी करा, आणि तसं करताना असा नियम काढण्याबाबत दुसरा कोणताही कायदा किंवा नियम काय म्हणतो ते पाहू नका. दुसरं वाक्य सांगतं की या कृतीची, आणि खुद्द या कलमाचीही, कोणत्याही न्यायालयात छाननी होणार नाही; मात्र वायोमिंगच्या न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०१० रोजी दिलेल्या निकालाला त्यामुळे बाधा येणार नाही. संपलं कलम. नियम कशाबद्दलचा आहे, हे त्यात लिहिलेलंच नाही. राजपत्राचा खंड आणि पान तेवढं दिलेलं आहे. ते पान काढून वाचलं तरच कळतं की गोष्ट लांडग्यांची आहे.

ज्या कायद्यात हे कलम आहे, तो संरक्षण खात्याच्या आणि बाकी सरकारच्या वर्षभराच्या खर्चाला मंजुरी देणारा कायदा. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी १५ एप्रिल २०११ रोजी त्यावर सही केली. १९७३ साली संकटग्रस्त प्रजातींचा कायदा झाल्यापासून अमेरिकी संसदेने स्वतः कायदा करून एखाद्या प्राण्याचं संरक्षण काढून घेण्याची ही पहिली वेळ होती. आणि ते घडलं सैनिकांच्या पगाराच्या आणि शाळांच्या अनुदानाच्या आकड्यांमध्ये, शटडाउनच्या घड्याळाखाली.

मला या प्रकरणात रस वाटतो तो एवढ्यासाठी की यात खलनायक शोधायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. कलम घालणाऱ्यांचं म्हणणं सरसकट खोटं नव्हतं. लांडग्यांची संख्या खरोखर वाढली होती. तरीही जे झालं ते मला चुकीचं वाटतं, आणि का वाटतं ते नीट मांडण्यासाठी आधी पैशाची बाजू पाहावी लागेल.

गाड्याबरोबर नळा

अमेरिकेचं सरकारी आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी वेगवेगळ्या खात्यांची बारा खर्चमंजुरी विधेयकं दोन्ही सभागृहांत संमत व्हावीत, अशी रीत आहे. तशी ती क्वचितच होतात. मग जुन्याच पातळीवर काही आठवड्यांपुरता खर्च चालू ठेवणारी तात्पुरती मंजुरी दिली जाते. तीही वेळेत मिळाली नाही तर सरकारी कार्यालयांना टाळं लागतं; तोच शटडाउन.

म्हणजे ही विधेयकं अडवून धरणं सगळ्यांनाच महागात पडतं. म्हणूनच त्यांच्या पाठीवर बसायला सगळे टपलेले असतात. एरवी स्वतःच्या पायावर उभं राहू शकलं नसतं असं एखादं कलम खर्चाच्या विधेयकात घालायचं, म्हणजे ते विधेयकाबरोबर पार होतं. अशा कलमाला तिकडे ‘रायडर’ म्हणतात, म्हणजे स्वार. आपल्याकडे यासाठी फार जुनी म्हण आहे: गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. गाडा पंढरीला निघाला की त्याला टांगलेल्या नळ्यालाही विठोबाचं दर्शन घडतं. नळ्याने वारी केली का, असं कुणी विचारत नाही.

असं होऊ नये म्हणून नियम नाहीत असं नाही. प्रतिनिधिगृहाच्या एकविसाव्या नियमानुसार खर्चाच्या विधेयकातून नवा कायदा करायला मनाई आहे, आणि कोणीही सदस्य त्यावर हरकत घेऊ शकतो. पण विधेयक चर्चेला येण्याआधी त्याची चौकट ठरवणारी जी रूल्स कमिटी असते, ती ही हरकत घेण्याची मुभाच त्या विधेयकापुरती काढून टाकू शकते, आणि काढते. राष्ट्राध्यक्षांच्या हातात एकच गोष्ट उरते: सगळं विधेयक घ्या किंवा सगळं परत पाठवा. खर्चाची एकेक बाब खोडण्याचा अधिकार त्यांना १९९६ साली कायद्याने मिळाला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने तो १९९८ मध्ये घटनाबाह्य ठरवला.

भारतातल्या वाचकाला ही युक्ती अगदीच परकी वाटणार नाही. २०१७ च्या वित्त कायद्यातून निवडणूक रोख्यांची वाट मोकळी झाली आणि त्याच कायद्यातून अनेक न्यायाधिकरणांची घडीही बदलली. ते विधेयक धनविधेयक म्हणून आणलेलं असल्यामुळे राज्यसभेला फक्त शिफारशी करता आल्या. वाट वेगळी, पण पैशाच्या कागदाआडून भलताच निर्णय पुढे सरकवण्याची रीत तीच.

२०११ चा वसंत

नोव्हेंबर २०१० च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधिगृह जिंकलं. निवडून आलेल्या नव्या मंडळींनी मतदारांना एकच शब्द दिला होता, खर्च कापू. सिनेट आणि राष्ट्राध्यक्षपद डेमोक्रॅटांकडे होतं. त्या आर्थिक वर्षाचं एकही नियमित खर्चविधेयक संमत झालेलं नव्हतं; एकामागून एक अशा सात तात्पुरत्या मंजुऱ्यांवर सरकार चाललं होतं.

१९ फेब्रुवारीला पहाटे प्रतिनिधिगृहाने आपला मसुदा संमत केला. त्यात ६१ अब्ज डॉलरची कपात होती, आणि सोबत रायडरांची रांग. हरितगृह वायूंवर नियम करण्यापासून केंद्राच्या पर्यावरण संस्थेला (ईपीए) रोखायचं, ‘प्लॅन्ड पेरेंटहुड’ या स्त्री-आरोग्य संस्थेचा सरकारी निधी तोडायचा, आरोग्य विमा कायद्याच्या अंमलबजावणीचे पैसे थांबवायचे, असं बरंच काही. या रांगेत लांडग्यांचं कलमही होतं. ते आयडाहोचे रिपब्लिकन प्रतिनिधी माइक सिम्पसन यांचं. पर्यावरण आणि इंटिरियर खात्यांच्या खर्चाची उपसमिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली होती.

पुढचे जवळजवळ सात आठवडे घासाघीस चालली. दोन आठवड्यांची मुदतवाढ आणि ४ अब्जांची कपात, मग तीन आठवडे आणि ६ अब्ज. शेवटची मुदत शुक्रवार, ८ एप्रिलच्या मध्यरात्रीची. सुमारे ८ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसावं लागेल असा अंदाज होता. बारा वाजायला तासभर उरला असताना सभापती जॉन बेनर, सिनेटमधले बहुमताचे नेते हॅरी रीड आणि ओबामा यांच्यात समझोता झाला. सांगितला गेलेला आकडा: साडेअडतीस अब्ज डॉलरची कपात.

या आकड्याचं पुढे काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने काही दिवसांत हिशेब मांडला, की त्या आर्थिक वर्षातल्या प्रत्यक्ष खर्चात होणारी घट, युद्धखर्च सोडून, केवळ ३५ कोटी २० लाख डॉलर आहे. जाहीर आकड्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. यात कुणी हिशेब चुकवला नव्हता. खर्च करण्याची परवानगी कापणं वेगळं आणि त्या वर्षी तिजोरीतून जाणारा पैसा कमी होणं वेगळं. कापलेल्या परवानग्यांपैकी पुष्कळशा अशा होत्या की तो पैसा त्या वर्षी खर्च होणारच नव्हता. २०१० ची जनगणना आटोपली होती, तरी तिच्यासाठीची रक्कम कागदावर होती; ती ‘कापली’. दुसरीकडे संरक्षणखर्च वाढला. खऱ्या कपातीही होत्या, आणि ज्यांच्यावर पडल्या त्यांना त्या लागल्या. पर्यावरण संस्थेचं अंदाजपत्रक १ अब्ज ६० कोटी डॉलरने, म्हणजे सुमारे १६ टक्क्यांनी घटलं. गरीब गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं यांच्या पोषण योजनेचे सुमारे ५० कोटी गेले.

कपातीचा आकडा हा असा अर्धा देखाव्याचा. पण त्याच्या आडून गेलेली कलमं पूर्ण खरी होती, आणि लांडग्यांच्या कलमाने तर तिजोरीचा एक सेंटही वाचवला नाही.

लांडगे कुठून आले

येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले शेवटचे लांडगे १९२६ मध्ये मारले गेले. सरकारनेच मारले, तेव्हा उद्यानात शिकारी प्राणी नकोत असं धोरण होतं. पुढे साठ-सत्तर वर्षं तिथे एल्क हरणं माजली, नदीकाठची विलो आणि अ‍ॅस्पेनची रोपं खुडली जात राहिली. १९७४ मध्ये लांडगा संकटग्रस्त यादीत आला. १२ जानेवारी १९९५ रोजी कॅनडातून पकडून आणलेल्या लांडग्यांची पहिली तुकडी उद्यानाच्या उत्तर कमानीतून आत गेली. पेटाऱ्याला हात लावायला इंटिरियर खात्याचे मंत्री ब्रूस बॅबिट स्वतः हजर होते. दोन हिवाळ्यांत येलोस्टोनमध्ये ३१ आणि मध्य आयडाहोत ३५ लांडगे सोडले गेले.

पुढची वाढ तज्ज्ञांच्या अपेक्षेहून वेगाने झाली. उद्दिष्ट होतं मोंटाना, आयडाहो आणि वायोमिंग मिळून पिल्लं वाढवणाऱ्या ३० जोड्या आणि ३०० लांडगे, सलग तीन वर्षं. ते २००२ मध्येच गाठलं गेलं. २०१० च्या अखेरीस उत्तर रॉकी पर्वतरांगेत साडेसोळाशेच्या आसपास लांडगे होते.

त्याबरोबर तक्रारीही वाढल्या. ऑगस्ट २००९ मध्ये मोंटानात डिलन गावाजवळ एकाच मालकाचे सुमारे १२० मेंढे लांडग्यांनी फाडले. असं नुकसान एकूण पशुधनाच्या मानाने थोडं असतं, हे खरं. पण ते सगळ्यांवर थोडं थोडं पडत नाही, एकाच दारात पडतं. इंदापूर-करमाळ्याच्या माळावर कळप घेऊन फिरणाऱ्या धनगराला हे वेगळं सांगायला नको. मोंटानातल्या पशुपालकांचा राग समजून न घेता लांडग्यांवर लिहिणारे बरेच लेख मी वाचले आहेत, आणि ते मला अर्धवट वाटले आहेत.

केंद्राची वन्यजीव संस्था, फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस, हिलाही लांडग्यांना यादीतून काढायचं होतं. पण तिच्यासमोर वायोमिंगचा पेच होता. संरक्षण काढल्यावर लांडग्यांची काळजी राज्यांनी घ्यायची असते. मोंटाना आणि आयडाहोने बऱ्यापैकी आराखडे केले होते. वायोमिंगच्या आराखड्यात मात्र राज्याच्या बहुतेक भागात लांडगा दिसता क्षणी गोळी घालायला मुभा होती. संस्थेने २ एप्रिल २००९ च्या नियमात मधला मार्ग काढला: मोंटाना, आयडाहो, वॉशिंग्टन आणि ओरेगनचा पूर्व भाग आणि यूटाचा एक कोपरा इथलं संरक्षण काढलं, वायोमिंगमधलं ठेवलं. त्या हिवाळ्यात मोंटाना आणि आयडाहोत मिळून अडीचशेहून जास्त लांडगे शिकाऱ्यांनी टिपले.

चौदा संघटना न्यायालयात गेल्या. ५ ऑगस्ट २०१० रोजी मिझूला इथले केंद्रीय जिल्हा न्यायाधीश डॉनल्ड मोलॉय यांनी नियम रद्द केला. त्यांचं म्हणणं सोपं होतं. कायदा म्हणतो की एखादी प्रजाती, उपप्रजाती किंवा प्राण्यांचा वेगळा ओळखता येणारा समूह संकटग्रस्त असतो किंवा नसतो. उत्तर रॉकीतले लांडगे हा एक समूह, असं तुम्हीच ठरवलं आहे. मग राज्याच्या सीमेवर येऊन त्याचे दोन तुकडे कसे पाडता? लांडग्याला सीमा कळत नाही. लांडगे जगतील की मरतील, यावर न्यायाधीश काही बोलले नव्हते. कायद्याचा अर्थ काय, एवढंच ते सांगत होते.

या निकालानंतर सरळ मार्ग तीन होते. वरच्या न्यायालयात अपील करायचं. वायोमिंगकडून चांगला आराखडा घ्यायचा. किंवा संकटग्रस्त प्रजातींचा कायदाच उघडपणे दुरुस्त करायचा. समितीत सुनावणी घ्यायची, जीवशास्त्रज्ञांना, पशुपालकांना, त्या भूमीवरच्या आदिवासी जमातींना बोलवायचं आणि मग मतदान. तिन्ही मार्गांना वेळ लागणार होता.

वेळ कुणाकडे नव्हता

जॉन टेस्टर मोंटानाचे डेमोक्रॅट सिनेटर, बिग सँडी गावचे शेतकरी. २००६ ची निवडणूक त्यांनी साडेतीन हजारांच्या आसपास मतांनी जिंकली होती. २०१२ मध्ये पुन्हा उभं राहायचं होतं, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मोंटानाचे एकमेव प्रतिनिधी डेनी रेबर्ग यांनी त्यांच्याविरुद्ध लढायचं जाहीर केलं. रेबर्ग यांचं म्हणणं लांडग्याला कायद्यातूनच कायमचं वगळा असं होतं. सिनेटमध्ये डेमोक्रॅटांच्या, सोबतचे दोन अपक्ष धरून, ५३ जागा. त्यातली एकही गमावणं पक्षाला परवडणारं नव्हतं.

टेस्टर आणि सिम्पसन एकाच कलमावर एकत्र आले. एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. मला वाटतं लांडगा हरला तो इथे. वाटाघाटीच्या खोलीत बाकीच्या रायडरांना विरोध करणारं कुणी ना कुणी होतं. पर्यावरण संस्थेचे हात बांधणारी कलमं ओबामांनी गळायला लावली. ‘प्लॅन्ड पेरेंटहुड’च्या निधीवर सिनेटमध्ये स्वतंत्र मतदान घ्यायचं ठरलं आणि तिथे तो प्रस्ताव ४२ विरुद्ध ५८ मतांनी पडला. या एका गोष्टीकडे जरूर लक्ष द्यावं: ज्या रायडरला उजेडात आणून त्याच्यावर वेगळं मतदान झालं, तो हरला. लांडग्यांच्या कलमावर वेगळं मतदान झालंच नाही.

याच सुमाराला एक तडजोडही घडत होती, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे. मार्च २०११ मध्ये चौदापैकी दहा संघटनांनी सरकारशी करार केला: मोंटाना आणि आयडाहोतलं संरक्षण काढायला आम्ही मान्यता देतो, बदल्यात शास्त्रीय देखरेख ठेवा. त्यांना संसदेतल्या कलमाचीच धास्ती होती. आपणच वाकलो तर निदान कायदा तरी शाबूत राहील, असा त्यांचा हिशेब. चार संघटनांनी नकार दिला. ९ एप्रिलला, म्हणजे वॉशिंग्टनमध्ये मध्यरात्रीचा समझोता झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मोलॉय यांनी हा करार नाकारला. सगळे पक्षकार राजी नसताना बेकायदा ठरलेला नियम मी पुन्हा लागू करू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. संसदेत कलम आधीच पक्कं झालं होतं. करार मान्य झाला असता तरी ते मागे घेतलं गेलं असतं, असं मानायला मला काही आधार दिसत नाही.

१४ एप्रिलला प्रतिनिधिगृहात २६० विरुद्ध १६७ आणि सिनेटमध्ये ८१ विरुद्ध १९ मतांनी विधेयक संमत झालं. ज्यांनी मतं दिली त्यातल्या प्रत्येकाला हे मत सरकार चालू राहण्यासाठी दिलं, असं सांगता येतं. लांडग्यांबद्दल कुणाचं मत काय होतं, हे त्या आकड्यांवरून कधीच कळणार नाही.

लांडगे एकटे नव्हते. याच कायद्यातून राजधानी वॉशिंग्टनला तिच्या स्वतःच्या, स्थानिक करांतून जमलेल्या पैशांतूनही गरीब स्त्रियांच्या गर्भपातासाठी मदत करायला पुन्हा बंदी झाली. तिथल्या सहा लाखांवर रहिवाशांना संसदेत मताधिकार असलेला एकही प्रतिनिधी नाही. ११ एप्रिलला महापौर व्हिन्सेंट ग्रे आणि नगर परिषदेचे काही सदस्य निषेधासाठी संसदेबाहेर रस्त्यावर बसले. एकूण ४१ जणांना अटक झाली. आणखी एका कलमाने नासाला चीनशी थेट सहकार्य करायला मज्जाव केला. व्हर्जिनियाचे फ्रँक वुल्फ यांनी घातलेलं ते कलम खर्चाच्या विधेयकांतून वर्षानुवर्षं पुढे नेलं जात आहे. मधल्या काळात चीनने स्वतःचं अवकाशस्थानक उभारलं. अवकाशधोरणाचा एवढा मोठा निर्णय, आणि तोही नळ्यासारखा गाड्याला टांगून नेलेला.

न्यायालयाचे बांधलेले हात

५ मे २०११ ला नियम पुन्हा जारी झाला. काही संघटना पुन्हा मोलॉय यांच्यासमोर गेल्या. त्यांचा मुद्दा मूलभूत होता: संसद कायदा बदलू शकते, पण कायदा तसाच ठेवून चालू खटल्याचा निकाल फिरवू शकते का? यादवी युद्धानंतर, १८७२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की खटल्याचा निकाल काय लागावा हे संसदेने न्यायालयाला सांगायचं नाही. पण १९९२ मध्ये त्याच न्यायालयाने ओरेगन-वॉशिंग्टनच्या जंगलातल्या ठिपकेदार घुबडांच्या खटल्यात, एकमताने, ही रेघ पुष्कळ पुसट केली. तिथेही प्रश्न खर्चाच्या विधेयकातल्या रायडरचाच होता. अमुक एवढं केलं की कायद्याच्या अटी पूर्ण झाल्या असं समजा, असं संसदेने म्हटलं तर तो कायद्यातला बदलच मानावा, असं न्यायालयाने ठरवलं.

कलम १७१३ तर त्याच्याही पलीकडे जात होतं. कायद्याच्या अटी पूर्ण झाल्या असंही ते म्हणत नव्हतं; अटी बाजूला ठेवा म्हणत होतं. ३ ऑगस्ट २०११ च्या निकालात मोलॉय यांनी लिहिलं की वरच्या न्यायालयांचे निर्णय माझ्यावर बंधनकारक नसते तर हे कलम मी घटनाबाह्य ठरवलं असतं. वादग्रस्त धोरणबदल खर्चाच्या विधेयकाला जोडून करणं हा कायद्याच्या राज्याचा अनादर आहे, हेही त्यांनी स्पष्ट शब्दांत म्हटलं. आणि मग संघटनांचा दावा फेटाळला. मार्च २०१२ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला.

ही वाट त्याआधीच मळलेली होती. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेनेसीतलं टेलिको धरण एका चिमुकल्या माशासाठी, स्नेल डार्टरसाठी, थांबवलं. पैसे मंजूर होत राहिले म्हणून प्रजातींचा कायदा आपोआप रद्द होत नाही, असं न्यायालयाने त्या निकालात बजावलं. पुढच्याच वर्षी धरणाला सूट देणारी दुरुस्ती जलप्रकल्पांच्या खर्चविधेयकात घुसवली गेली. प्रतिनिधिगृहात ती मांडून संमत व्हायला एक मिनिटही लागलं नाही. जिमी कार्टर यांनी नाराजीने सही केली आणि धरण भरलं.

वायोमिंगचा ताळा

मग लांडग्यांचं काय झालं? ते संपले नाहीत. २०११-१२ च्या हंगामात एकट्या आयडाहोत पावणेचारशेच्या आसपास लांडगे मारले गेले, तरी त्या प्रदेशातली एकूण संख्या उद्दिष्टाच्या कितीतरी वर राहिली. टेस्टर २०१२ ची निवडणूक जिंकले. कलमाचे समर्थक विचारतात की मग बिघडलं काय?

उत्तरासाठी वायोमिंगकडे बघावं, कारण ते राज्य या कलमातून बाहेर होतं. तिथे सगळं रीतसर झालं. राज्याने आराखडा सुधारला, वन्यजीव संस्थेने २०१२ मध्ये संरक्षण काढलं, संघटना न्यायालयात गेल्या. २०१४ मध्ये न्यायाधीश अ‍ॅमी बर्मन जॅक्सन यांनी नियम रद्द केला. किमान संख्येहून थोडे अधिक लांडगे राखू, हे राज्याचं नुसतं आश्वासन होतं, त्याला कायद्याचं बळ नव्हतं. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल उलटवला आणि वायोमिंगमधलंही संरक्षण उठलं. पाच वर्षं गेली, पण शेवट तोच झाला. फरक एवढाच की त्या पाच वर्षांत राज्याला आपला प्रत्येक शब्द न्यायालयात सिद्ध करावा लागला, आणि हरलेल्यांना आपलं म्हणणं ऐकलं गेल्याचं समाधान तरी मिळालं. मोंटाना आणि आयडाहोत हे काम काही आठवड्यांत उरकलं, आणि तिथल्या आराखड्यांची अशी कसोटी पुन्हा कधी लागली नाही.

त्याची किंमत दहा वर्षांनी दिसली. २०२१ मध्ये आयडाहोच्या विधानसभेने लांडगे मारण्यावरच्या बहुतेक मर्यादा उठवल्या. खाजगी जमिनीवर वर्षभर सापळे लावायला मोकळीक, मारण्यासाठी कंत्राटदार नेमायला सरकारी पैसा. मोंटानाने फासे, आमिष आणि खाजगी जमिनीवर रात्रीच्या शिकारीला परवानगी दिली. त्या हिवाळ्यात येलोस्टोनची हद्द ओलांडून बाहेर पडलेले सुमारे २५ लांडगे मारले गेले. अभ्यासक ज्या कळपांची पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवत होते, त्यातलेच हे प्राणी. २००९ च्या नियमामागचं गृहीत होतं की राज्यं जबाबदारीने वागतील. ते गृहीत ढासळलं, पण ज्या नियमाला न्यायालयात हातच लावता येत नाही, त्याचा पाया तपासायचा कुठे?

संघटनांनी मग नव्याने सुरुवात केली. बदललेली परिस्थिती दाखवून लांडग्यांना पुन्हा यादीत घ्या, असे अर्ज २०२१ मध्ये गेले. संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते नाकारले. त्या नकाराला मात्र छाननीची मनाई नव्हती. खटला मोंटानाच्या केंद्रीय जिल्हा न्यायालयात दाखल झाला, मिझूलाला, आणि न्यायाधीश तेच होते. ऑगस्ट २०२५ मध्ये डॉनल्ड मोलॉय यांनी निकाल दिला, की नकार देताना संस्थेने कायद्याला हवी तशी शास्त्रीय तपासणी केलेली नाही, आणि प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवलं.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला अमेरिकी सरकारला पुन्हा टाळं लागलं, ते ४३ दिवसांनी उघडलं. टाळं उघडणाऱ्या कायद्यात एक कलम होतं: आपल्या फोनच्या नोंदी आपल्याला न कळवता तपासल्या गेल्या तर सिनेटरांना सरकारवर अशा प्रत्येक वेळेसाठी किमान ५ लाख डॉलरचा दावा लावता येईल. प्रतिनिधिगृहातल्या बऱ्याच सदस्यांना ते शेवटच्या घटकेला कळलं. सरकार तर उघडायचंच होतं, म्हणून त्यांनी विधेयक संमत केलं, आणि आठवडाभरात तेच कलम रद्द करण्याचा प्रस्ताव ४२६ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला.